तिसऱ्या कार्डावरचं गाव

१९७९ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, शिक्षण चौथी पास, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात एका बाईनं कागदावर चार घरांची चौकट काढून मला खोटारडा ठरवलं. शिवी दिली असती तर मीही दोन दिल्या असत्या. पण तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. आकडे मांडले, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "रंगनाथराव, हे आपोआप होत नाही."

दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं ते 'मतं विचारत हिंडलेला माणूस' म्हणून. गावोगावच्या गमती याव्यात अशी त्यांची अपेक्षा दिसते. थोड्या सांगतो. पण मला खरी सांगायची आहे ती ही एकच गोष्ट, कारण आजवर मी ती लोकांना अर्धीच सांगत आलो. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

आधी मी जमीन मोजणीत साखळी ओढायचो. मोजणीदार झाडाखाली नकाशा धरून उभा, आणि आम्ही काट्याकुट्यातून साखळी ओढत. त्यामुळं निफाडपासून बागलाणापर्यंतच्या पायवाटा पायांना पाठ झाल्या. पुढं नाशकात एका कॉलेजच्या मागं दोन खोल्यांत एक पाहणी केंद्र निघालं. निवडणूक जवळ आली की लोक कुणीकडं झुकलेत ते विचारायचं, आणि अहवाल काढायचा. तिथं मला घेतलं. चौथी शिकलेला माणूस कशाला, असं तिथल्याच लोकांनी विचारलं म्हणे. कारण साधं होतं. शिकलेली पोरं दुपारी बारा वाजले की सावली शोधायची, आणि मी यादीतलं घर सोडायचो नाही.

यादीतलं घर म्हणजे काय ते सांगतो. सगळ्या तालुक्याला विचारायचं म्हटलं तर जन्म जाईल. कांद्याच्या लिलावात व्यापारी गाडीवर चढतो तेव्हा वरचा कांदा बघत नाही. शेतकऱ्यानं वर चांगला माल रचलेला असतो हे त्याला माहीत. तो हात खुपसून मधला, तळाचा, कडेचा असा मूठभर काढतो आणि त्यावर अख्ख्या गाडीची बोली करतो. आमचंही तसंच. मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं काढायची, आणि जे नाव निघालं तेच माणूस गाठायचं. ते शेतात असेल तर शेतात जायचं. लग्नाला गेलं असेल तर परत यायचं. शेजारचा ओट्यावर रिकामा बसलाय म्हणून त्याला विचारून फॉर्म भरला, की झाला वरवरचा कांदा.

आता लोक सांगतात का? आणीबाणी जाऊन अडीच वर्षं झाली होती, पण हातात कागद घेतलेला माणूस दिसला की गाव अजून दचकायचं. एकदा मला लांबून बघून एक गडी बाभळीच्या कुंपणावरून उडी टाकून पळाला. त्याची आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

"माझ्या लेकाला दोनच लेकरं हायेत, आन् तो घरी नाय."

"आजी, मी नसबंदीवाला नाही. मत विचारायला आलोय."

"पहिले आले ते बी असंच गोड बोलत व्हते."

तो पोरगा मला तिसऱ्या खेपेला सापडला. सापडला म्हणजे आजीनंच धरून आणला, "ये रे, हा लय येडा दिसतो, उन्हातान्हात तुझ्यासाठी येतोय" म्हणत.

मालेगावला एका विणकरानं यंत्रमाग बंद करायला नकार दिला. "तुम चिल्लाओ, मैं उंगली रखता हूँ," म्हणाला. बोट कशावर ते पुढं सांगतो. सटाण्याला एका म्हाताऱ्यानं मला चहा पाजला, घरचं सगळं सांगितलं, आणि मत विचारल्यावर हसला. "मी कोनले मत देस ते मनी बायकोले बी माहीत नई शे, तुले काबर सांगू?" अशा माणसाचा राग येत नाही. त्याचा फॉर्म कोरा गेला, आणि तसाच जायला हवा होता.

तोंडानं नाव घ्यायला लोक भितात म्हणून केंद्रानं कार्डं काढली होती. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे चार, प्रत्येकावर एका पक्षाचं चिन्ह. चिन्हं कोणती ते लिहीत नाही. तेव्हाची माणसं आता इकडची तिकडं झालीत, उगाच कुणाला जुनी आठवण नको. तर चारही कार्डं पिशवीवर मांडायची आणि म्हणायचं, "बोलू नका, फक्त बोट ठेवा." माणूस बोट ठेवी, मी फॉर्मवर आकडा टाकी. शेजारी कान लावून बसला तरी त्याला काही कळत नसे.

केंद्रात हिशेब मांडायचं काम आठल्येबाईंचं. वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी, संख्याशास्त्र शिकवायच्या, पांढरी साडी, बोलणं मोजकं. त्यांनी प्रत्येकाला कार्डांचे चार-चार संच दिले आणि सांगितलं, "दर पंचवीस घरांनी संच बदलायचा."

"का?" मी विचारलं.

"सूचना आहे."

मला हे उत्तर आवडलं नाही. मी बौद्ध वस्तीतला माणूस. गावात पाय ठेवला की आधी आडनाव विचारतात, मग पाणी द्यायचं का ते ठरवतात. 'सूचना आहे' हे मी लहानपणापासून फार ऐकलंय. मला वाटलं, कारण असेल तर सांगावं, आणि नसेल तर नुसतं हुकूम चालवणं आहे. शिवाय मोजणीत मी एकच साखळी अकरा वर्षं ओढली होती. चांगला कोरा पुठ्ठा पंचवीस घरांत फेकायचा? मी ठरवलं, एकाच संचावर सगळी पाहणी उरकायची आणि शेवटी तीन संच कोरेच्या कोरे बाईंच्या टेबलावर ठेवायचे. बघा म्हणावं, काम कसं करतात.

शेवटचं गाव सायखेड्याच्या बाजूचं होतं, द्राक्षबागांचं. तिथं मी तीन दिवस होतो. पहिल्या दिवशी बायका-माणसं घडांतले मणी विरळ करत होती, बोलत बोलत बोटं ठेवत होती. त्या संध्याकाळी आभाळ आलं. आभाळ आलं की द्राक्षवाला फवारणीचा पंप काढतो, कारण दमट हवेत वेलीवर केवडा रोग पडला की बाग गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं गाव मोरचूद आणि चुना कालवून फवारणीला लागलं. वेलीखाली उभी माणसं डोक्यापासून निळी. मी वाफ्यावाफ्यातून हिंडून त्यांना गाठलं. घरं राखली, एकही नाव सोडलं नाही. मला वाटत होतं, असं काम जिल्ह्यात कुणी केलं नसेल.

त्यानंतर आठवड्यानं बाईंनी मला बोलावलं. शनिवार होता. खोलीत त्या आणि सुधाकर. हा सुधाकर बी.ए. झालेला, इस्त्रीचा शर्ट, पाहणीलाही जायचा आणि मग केंद्रात बसून दांड्याच्या गणकयंत्रावर बेरजा करायचा. तो खडखड दांडा फिरवत होता. मी आत गेलो तसा थांबला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"या गावात तुम्ही स्वतः गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"घरोघर?"

"वाफ्यावाफ्यात गेलो होतो. चपलेला अजून चुना आहे, बघा."

बाईंनी चपलेकडं पाहिलं नाही. कागद पुढं ओढला आणि चौकट काढली. वर दोन घरं, खाली दोन घरं. "वरच्या ओळीत तुमचा पहिला दिवस. खालच्या ओळीत दुसरा आणि तिसरा. डावीकडे तिसऱ्या कार्डावर बोट ठेवणारे, उजवीकडे बाकीच्या तीन कार्डांवर ठेवणारे." मग आकडे भरले. पहिल्या दिवशी निम्मे डावीकडं, निम्मे उजवीकडं. पुढच्या दोन दिवसांत सत्तावीस माणसं, त्यातली पंचवीस डावीकडं. उजवीकडं दोन.

"असेल," मी म्हटलं. "गावाचं मत."

"तेच गाव. एका रात्रीत?"

"लोक आहेत, फिरतात."

बाईंनी ड्रॉवरमधून एक रुपया काढून टेबलावर ठेवला. "हे नाणं मी शंभरदा उडवलं आणि पंचावन्नदा छापा पडला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"होतं असं."

"साठदा?"

मी रुपयाकडं बघितलं. "नाणं हातात घेऊन बघीन."

"नव्वददा?"

"नाणं खोटं."

"मग तुम्हीही रेघ मारताच. 'होतं असं' कुठं संपतं आणि 'नाणं बघू' कुठं सुरू होतं, याची. आम्ही ती आधीच ठरवून मारतो. नुसत्या योगायोगानं एवढा फरक शंभरात पाच वेळांहून कमी पडेल, असं निघालं की आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही. सार्थक फरक म्हणतो."

सार्थक हा शब्द मी तोवर फक्त कीर्तनात ऐकला होता, जन्माचं होतं ते. "पाचच का?" मी विचारलं. "सात का नाही?"

"सगळ्यांनी पाच मान्य केलंय."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी? मला कुणी विचारलं नाही."

सुधाकर हसला. बाई हसल्या नाहीत. "रंगनाथराव, इथं पाच आणि सातचा प्रश्नच नाही. तुमचा फरक त्या रेघेच्या कितीतरी पलीकडं आहे. हे आपोआप होत नाही."

"मग कसं होतं?"

बाईंऐवजी सुधाकर म्हणाला, "दादा, कधी कधी माणूस दमतो. दोन दिवसांचे फॉर्म मुक्कामाच्या जागी बसून भरतो. तेव्हा हात एकाच आकड्यावर जातो. होतं असं."

आता कळलं. मी गावात गेलोच नाही, पारावर बसून आकडे टाकले, असं म्हणत होते. आणि हे असं ठरलं की काय होतं तेही मला माहीत होतं. आदल्या वर्षी एका पोराचं तसं निघालं होतं. त्याचे सगळे फॉर्म रद्द, मागचेही, आणि नाव यादीतून कमी. मला तर येत्या मार्चपासून कायम करायचं चाललं होतं. ते गेलं असतं, आणि वस्तीत सांगत फिरावं लागलं असतं की रंगनाथाला खोटेपणाबद्दल काढला.

मी भडकलो. बाईंवर भडकता येत नव्हतं म्हणून सुधाकरवर. "फॉर्म आठवडाभर याच्याकडं होते. आकडे यानं फिरवले असतील. चौथी पास माणसाचं काम याच्या डोळ्यात खुपतं." शिपाई दारात उभा, शेजारच्या खोलीतले दोन क्लार्क बाहेर आले. तरी मी बोलतच होतो. सुधाकरचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला. "बघा, अक्षर कुणाचं आहे."

बघितलं. सगळे आकडे माझेच होते. माझा तीन मी उलटा सुरू करतो, तो दुसऱ्या कुणाला काढता येत नाही.

"चला माझ्याबरोबर त्या गावात," मी म्हटलं. "माणसांनाच विचारा, मी आलो होतो का नाही."

"सोमवारी मला सरांना सांगायचंय," बाई म्हणाल्या; सर म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख. मग विचार करून, "उद्या येते."

रविवारी सकाळी आम्ही एस.टी.नं निघालो. बाई खिडकीशी, मी दांड्याला धरून उभा. जागा होती, पण बसलो नाही. कोणती घरं बघायची ते बाईंनी यादीवर खुणा करून ठेवलं होतं, आणि ती यादी गावात पोचेपर्यंत पर्समधून काढली नाही. मी कुणाला आधी निरोप धाडीन असं त्यांना वाटत असावं. मला त्याचाही राग आला, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं हेही कळत होतं.

पहिलं घर पारूबाईंचं. म्हातारी भाकरी थापत होती. मला बघितलं आणि बाईंना म्हणाली, "हाच तो! ओट्यावर बस म्हणलं तर बसला नाय, पानी दिलं तर वरून पेला. लय ताठ मानूस."

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी कागदावर बारीक खूण केली. मग स्वतःच्या पर्समधला नवा संच काढून पारूबाईंपुढं मांडला. म्हातारीनं पिठाचं बोट पदराला पुसलं आणि पहिल्या कार्डावर ठेवलं.

माझ्या फॉर्मवर तिचा आकडा तीन होता.

"अहो पारूबाई, त्या दिवशी तुम्ही..."

"रंगनाथराव," बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं नाही."

दुसऱ्या घरी तेच. गडी मला ओळखतो, हसतो, "आले का मतवाले" म्हणतो, आणि बोट ठेवतो चौथ्या कार्डावर. तिसऱ्या घरी तिसऱ्यावर आलं तेव्हा मला हायसं वाटलं, पण चौथ्या घरी पुन्हा पहिल्यावर. सहा घरं झाली. सहाही जणांनी मला ओळखलं आणि चौघांनी माझा फॉर्म खोटा पाडला. मला वाटायला लागलं, गावानं माझी टर उडवलीय. ताठ माणूस आहे, जिरवू याची, असं ठरवून त्या दिवशी सगळ्यांनी एकाच कार्डावर बोटं ठेवली असतील. गावं असं करतात. मी अजून काय काय विचार केला ते लिहीत नाही.

सातवं घर केशवअण्णाचं. त्याचं मत झालं, बाई त्याच्या सुनेचं विचारायला आत गेल्या, कारण बायकांना एकटीला विचारायचा नियम होता. मी आणि केशवअण्णा बाहेर राहिलो. त्यानंही यावेळी दुसऱ्या कार्डावर बोट ठेवलं होतं. मला राहवलं नाही.

"अण्णा, खरं सांग. माझी चेष्टा केली ना सगळ्यांनी मिळून?"

"कशाची चेष्टा?"

"त्या दिवशी तिसऱ्यावर, आज दुसऱ्यावर. आठ दिवसांत काय झालं?"

केशवअण्णानं आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, त्या दिवशी फवारनी चालू व्हती. हे बघ." त्यानं हात पुढं केले. नखांच्या कडांना अजून निळं होतं. "तू आला तव्हा तुझं तिसरं पान निळंगार झालेलं. बाकीच्या तिन्हींवर निळं नायच. आता माझं बोट कोऱ्या पानावर टेकलं, की उठला ठसा. बरोबर?"

"बरं, मग?"

"माझ्याकडून तू जानार चेअरमनच्या मळ्यात. सोसायटीचा चेअरमन, तो तिसऱ्याचा मानूस. तो बघनार, ह्या पानावर ताजा ठसा कुनाचा? हा मतवाला आधी कुठून आला? केशवकडून. मग पुढल्या खेपेला मोरचूद मला कोन देनार, तू?"

"मग तेव्हाच सांगायचं ना मला!"

"तू तरी कुनाचा मानूस, आमाला काय ठावं?"

पिशवीत हात घातला. माझा जुना संच तिथंच होता. तिसरं कार्ड काढलं. चिन्ह दिसत नव्हतं, एवढे ठसे एकावर एक. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बोटं खरोखर तिसऱ्यावाल्यांची पडली असतील, बाकीची भीतीनं त्यांच्यामागं. बाकीच्या तीन कार्डांवर कडेला मळ, आणि दोन फिकट निळे डाग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावात हिंमतवाली माणसं दोनच होती म्हणायची. तो निळा रंग मला तेव्हा दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. रुमालानं पुसायला गेलो, तो आणखी पसरला, मग सोडून दिलं. बोलू नका, बोट ठेवा, कुणाला कळणार नाही, असं मी प्रत्येकाला सांगत होतो, आणि प्रत्येकाच्या शेजाऱ्याचं बोट त्याच्या पुढ्यात मांडत होतो. पिशवीच्या तळाशी तीन कोरे संच, दोरासुद्धा सोडला नव्हता.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी कार्ड परत आत सारलं होतं.

परतीच्या एस.टी.त बाईंनी मला शेजारी बसायला सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही घरोघर गेला होतात, हे सिद्ध झालं. मी शंका घेतली, वाईट वाटून घेऊ नका. मत बदललं ते मधल्या आठवड्यातल्या सभांमुळं असेल. मी तशी टीप लिहीन. तुमचे फॉर्म राहतील."

सुटलो होतो. मार्चमध्ये कायम झालो असतो. केशवअण्णा कुणाला सांगणार नव्हता, त्याला स्वतःचीच भीती. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. आडगाव गेलं तरी बघत होतो.

मी फार साधुसंत माणूस आहे असं समजू नका. मला कुणी खोटा म्हटलेलं चालत नाही. पण बाईनं माझ्यावर दया करून टीप लिहायची आणि मी जन्मभर त्या टिपेखाली नोकरी करायची, हे मला त्याहून चालेना. शिवाय अहवालात छापून आलं असतं की गोदाकाठ एका रात्रीत तिसऱ्याकडं झुकला आणि आठ दिवसांत परत फिरला. पंचवीसांतल्या बहुतेकांनी भीतीनं ठेवलेली बोटं त्यात मतं म्हणून गेली असती, माझ्या उलट्या तीनसकट. पिशवीतून तो संच काढला आणि बाईंच्या मांडीवरच्या पर्सवर ठेवला.

त्यांनी तिसरं कार्ड उजेडाला धरलं. उलटं केलं. बाकीची तीन बघितली. मी केशवअण्णाचं बोलणं सांगितलं, त्याचं नाव न घेता.

"संच बदलला नाहीत?"

"नाही."

"किती घरांत?"

"पाहणी सुरू झाल्यापासून हाच."

त्यांनी चारही कार्डं नीट लावून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे कसोटी बरोबर होती."

"असेल. पण मी खोटा नव्हतो."

"कसोटीनं तुम्हाला खोटं म्हटलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली की हा योगायोग नाही. खोटं मी म्हटलं." आणि थोड्या वेळानं, "कार्डं का बदलायची, ते मी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं."

"सांगितलं असतं, तर बदलली असती?"

हो म्हणायचं तोंडावर आलं होतं. "खरं सांगू? नसती."

त्या दिवशी पहिल्यांदा बाई हसल्या. मग लगेच नेहमीच्या आवाजात, "दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे फॉर्म रद्द. सत्तावीसही. आज विचारलेलेसुद्धा परत विचारायचे, कारण तुम्ही मध्ये बोललात. बाकीच्या गावांचे मी चौकटीत घालून बघते."

बाकीची गावं त्यांनी पुढं तपासली. त्यात असं काही निघालं नाही. मालेगावच्या विणकराचं बोट कोरडं असतं. पण सरांनी माझं कायम होणं अडवलं ते दोन वर्षं अडवलं, सूचना न पाळल्याबद्दल. त्याचा राग मला अजून आहे. चूक माझी होती, म्हणून राग जात नाही.

दुसरी गोष्ट सुधाकरची. त्याला मी चारचौघांत चोर म्हटलं ते कुणी चौकटीत घालून तपासलं नाही. सोमवारी-मंगळवारी मागू, म्हणत मी माफी मागितलीच नाही. पुढच्या वर्षी तो बँकेत लागला. जाताना सगळ्यांना पेढा दिला, मलाही दिला. मी खाल्ला. एवढंच.

पुढं चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीपर्यंत नव्या पोरांना मीच शिकवायचो. कार्ड कधी बदलायचं तेही सांगायचो आणि का तेही सांगायचो. कुणाचा गठ्ठा फार गोजिरवाणा आला, सगळी बेरीज गुळगुळीत, की बाईंच्या आधी मीच म्हणायचो, चौकट काढा. रेघेच्या अलीकडं आलं म्हणजे खरं, असं मी मानत नाही. पलीकडं गेलं म्हणजे खोटं, असंही नाही. पलीकडं गेलं की पायात चप्पल घालायची आणि बघून यायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि पाचच का, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी स्टँडवर उतरल्यावर बाई म्हणाल्या होत्या, सरांशी बोलून ठरवू कुणाला पाठवायचं ते. मी ते ठरायची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी धरली, रजा टाकली नाही, कुणाला सांगितलं नाही. परत आभाळ आलं होतं, गाव परत फवारणीला लागलेलं. चेअरमनच्याच मळ्यापासून सुरुवात केली. तो पंप पाठीवर घेऊन वेलीखालून बाहेर आला, कोपरापर्यंत निळा.

"आता परत काय राहिलं?" तो म्हणाला, आणि सवयीनं बोट पुढं केलं.

मी कार्डं पिशवीतच ठेवली. विहिरीकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "आधी हात धुवा."